बेसमेंटमधला रेडॉन, आमचा अनुभव (डे मॉईन, आयोवा)

घर घेतलं तेव्हा रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा किरणोत्सारी गॅस) हा शब्दच माहीत नव्हता, शेजारी म्हणाला टेस्ट केली का, आयोवाची प्रत्येक काउंटी (जिल्हा) ईपीएच्या (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) झोन १ मधे, म्हणजे रेडॉनची शक्यता सगळ्यात जास्त असलेल्या भागात आहे. मग चारकोलचं किट आणलं, १२ तास आधीपासून खिडक्या बंद, ४८ तास बेसमेंटमधे ठेवून लॅबला पाठवलं. रिपोर्ट ९.२! ईपीए म्हणतं लिटरमागे ४ पिकोक्युरीला (रेडॉन मोजायचं एकक) पोचलं की दुरुस्ती करा. आधी मी स्वतःच भेगा सील केल्या, अख्खा रविवार गेला अन आकडा जेमतेम हलला. शेवटी माणूस बोलावला, त्याने बेसमेंटच्या तळाच्या काँक्रीटला भोक पाडून पाईप टाकला, थेट छपराच्या वर नेला आणि पंखा बसवला, म्हणजे मातीतला गॅस घरात शिरायच्या आधीच बाहेर. परत टेस्ट, १.३. पंखा चोवीस तास चालूच ठेवायचा, पाईपवरच्या यू नळीतलं रंगीत द्रव दोन्हीकडे सारखं दिसलं तर समजा पंखा गेला.