जुन्या मदरबोर्डचे फुगलेले कंडेन्सर बदलताय? या चुका टाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की माझ्याकडे जुने कॉम्प्युटर यायला लागतात. मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या इतवारीतल्या एका प्रेसवाल्या काकांचा फोन आला, "अरे भाऊ, मशीन पुन्हा बंद पडून राहिली ना, लग्नाच्या पत्रिका अडकल्या सगळ्या." पेंटियम ४ चा बोर्ड, २००३ च्या आसपासचा. नवा घ्या म्हणणं सोपं आहे, पण त्यांचं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं, सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टच्या डोंगलवर (जुन्या प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालतं आणि वीस वर्षांच्या सगळ्या फाइली त्याच्यातच आहेत. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या बाजूचे पाच कंडेन्सर (चार्ज साठवणारे छोटे गोल डबे, कॅपॅसिटर) फुगलेले, एकाच्या डोक्यावर तपकिरी खपली धरलेली. असे बोर्ड वाचतात, अगदी नीट वाचतात. माझ्यासमोर जे कायमचे गेले ते जवळपास सगळे दुरुस्ती करताना घाईत गेले, म्हणून हे लिहून राहिलो.

आधी हे कंडेन्सर जातात काहून ते बघा. त्या काळात, म्हणजे साधारण १९९९ ते २००७, बाजारात सदोष इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या द्रव रसायनाचे) खूप कंडेन्सर आले होते, त्यातलं पाणी आतल्या अॅल्युमिनियमला खातं, हायड्रोजन वायू तयार होतो आणि डोकं फुगतं. डोक्यावर जी प्लस किंवा वाय सारखी खाच असते ती त्यासाठीच, स्फोट न होता वायू तिथून निघावा म्हणून. वरून आपला उन्हाळा. १०५ डिग्रीला २००० तास लिहिलेला कंडेन्सर ७५ डिग्रीला अंदाजे १६ हजार तास चालतो आणि ६५ ला ३२ हजार, कारण दर १० डिग्री कमी झाले की आयुष्य दुप्पट होतं. मे महिन्यात बाहेर ४५ आणि कॅबिनेटमध्ये धूळ भरलेली, तर दिवसाला दहा तास चालणाऱ्या मशीनचे साधारण साडेचार आणि नऊ वर्षं यातला फरक तिथंच पडतो.

पहिली चूक म्हणजे फुगलेले तेवढेच बदलणं. काही कंडेन्सर वरून सपाट दिसतात आणि खालच्या रबरातून गळतात, काही अजिबात गळत नाहीत पण आतला ईएसआर, म्हणजे अंतर्गत रेझिस्टन्स, वाढलेला असतो. साध्या मल्टिमीटरवर मायक्रोफॅरड (क्षमता) बरोबर येतात आणि तरी तो माल खराब असतो, त्यामुळे ईएसआर मीटर नसेल तर एका रांगेतले, एकाच कंपनीचे सगळे बदला. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, पण बघा, पण आऊटपुटच्या वायरवर मल्टिमीटर लावून. आतले मोठे कंडेन्सर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज धरून ठेवतात, नवीन माणसाने तो डबा उघडूच नये, सरळ चांगला दुसरा लावावा. खराब एसएमपीएस ठेवून बोर्डावर नवे कंडेन्सर टाकले की तेही लवकर जातात.

दुसरी चूक खरेदीत होते. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन "३३०० चा दे" (३३०० मायक्रोफॅरडचा) म्हटलं की समोर जे येईल ते साधारण ८५ डिग्रीचं असतं, टीव्ही-अॅम्प्लिफायरचा माल. इथे लो ईएसआर, १०५ डिग्री असंच मागायचं, पॅनासॉनिकची एफआर किंवा एफएम सिरीज मिळाली तर चांगलं. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, कमी कधीच नाही. प्रोसेसरजवळ ६.३ व्होल्टचे असतात पण १२ व्होल्टच्या लाइनवर १६ चे, दोन्ही दिसायला सारखेच, अदलाबदल झाली की संपलं. जास्त व्होल्टचा घेताना जाडी मोजा, ६.३ व्होल्टचा १० मिलिमीटरचा असतो तिथे १६ चा त्याच क्षमतेचा जाड येतो आणि हीटसिंकच्या क्लिपखाली बसत नाही. भंगार बोर्डवरून काढलेले तर लावूच नका.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली आहे आणि जिच्यासाठी हा लेख आहे. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न होतं. कंडेन्सरचा प्लसचा पाय पटकन सुटला, मायनसचा हलेचना, म्हणून मी आयर्न दाबून धरलं आणि वरून ओढलं. निघाला, पण पायाला तांब्याची एक बारीक नळी चिकटून आली, अंगठीसारखी. ती भोकाच्या आतली प्लेटिंग होती, म्हणजे बोर्डाचे थर एकमेकांना जोडणारा दुवाच उपटला गेला. मायनसचा पाय ग्राउंडच्या मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेला असतो, तो थर आयर्नची सगळी गरमी पिऊन टाकतो, म्हणून तिथलं सोल्डर अर्धवटच वितळतं. ६० वॅटचं आयर्न घ्या, टोक अणकुचीदार नको, चपटं घ्या. जुन्या टाक्यावर फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायची पेस्ट) लावून आधी थोडं नवीन ६३/३७ चं (कथील-शिशाचं) सोल्डर चढवा, ते १८३ डिग्रीला वितळतं आणि जुन्यात मिसळलं की जुनं पण लवकर सुटतं. मग एक पाय गरम करून कंडेन्सर किंचित तिकडे झुकवायचा, दुसरा गरम करून इकडे, असं दोन-तीनदा, तो स्वतःहून वर येतो. जोर लागून राहिला असेल तर थांबा, सोल्डर अजून वितळलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. भोक मोकळं करायला ड्रिल मशीन तर अजिबात नाही, पुन्हा गरम करून सकरने (वितळलेलं सोल्डर ओढणाऱ्या पंपाने) ओढा किंवा लाकडी टूथपिक घाला.

नळी निघालीच तर रडू नका. त्या रांगेतले कंडेन्सर बहुतेक एकमेकांना समांतर असतात, मल्टिमीटरची बीप (दोन टोकं जोडलेली असली की वाजते ती) लावून खात्री करा आणि शेजारच्या त्याच पायाला खालून जाड वायर जोडा. माझा तो बोर्ड असाच चालला.

पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा. कंडेन्सरवरची पट्टी मायनसची, यात वाद नाही. बोर्डवरच्या रंगवलेल्या अर्ध्या भागावर मात्र विश्वास ठेवू नका, बहुतेक ठिकाणी तो मायनस असतो पण काही कंपन्यांनी उलट छापलंय. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या, जवळून आणि दोन बाजूंनी, शंका आली तर भोक आणि यूएसबीचं लोखंड यात बीप तपासा, सहसा मायनसच वाजतो. उलटा लावलेला फुटतो आणि आतलं गरम रसायन तोंडावर येऊ शकतं, चष्मा लावा.

बसवून झालं आणि तरी डिस्प्ले नाही? आधी भिंग घेऊन खालून बघा, सोल्डरचा पूल झालाय का. मग प्रोसेसर काढून रांगेचा रेझिस्टन्स मोजा, प्रोसेसर लावलेला असताना तिथे एक-दोन ओहम दिसणं नॉर्मल आहे आणि लोकं उगाच शॉर्ट समजून मॉसफेट (प्रोसेसरचा वीजपुरवठा सांभाळणारे भाग) काढत बसतात. सीआर२०३२ सेल तीन व्होल्टच्या खाली असेल तर बदला, सीमॉस (बोर्डाची साठवलेली सेटिंग) क्लिअर करा.

काकांची मशीन चालू झाल्यावर मी ती एक तास उघडीच चालवली, कंडेन्सरच्या डोक्यांवर नजर ठेवून. जाताना बघितलं तर त्यांच्या कूलरचं तोंड सरळ कॅबिनेटकडे, खसच्या पाण्याचे बारीक शिंतोडे मागच्या जाळीवर वाळलेले. कूलर आधी फिरवायला लावला, मग कॅबिनेटचे स्क्रू बसवले.