डोळ्यात मध घालण्याआधी

डोळा लाल झाला, चिकटला, चुरचुरला की घरात पहिला सल्ला येतो मधाचा. काडीने एक थेंब डोळ्यात सोडायचा, थोडा वेळ झोंबू द्यायचं आणि घळाघळा पाणी वाहिलं की "घाण निघाली" म्हणायचं. ते पाणी घाणीचं नसतं. मधात साधारण ८० टक्के साखर आणि १७ ते २० टक्के पाणी असतं. त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त), साडेतीन-चारच्या आसपास, तर अश्रूंचा सुमारे ७.४. एवढी दाट साखर डोळ्यावर पडली की ती आजूबाजूचं पाणी ओढून घेते, आम्लामुळे आग होते आणि डोळा स्वतःला धुऊन काढण्यासाठी अश्रू सोडतो. दोन मिनिटांनी हलकं वाटतं ते या अश्रूंमुळे. आजार जिथे होता तिथेच असतो.

मधात ताकद नाही असं मात्र नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत मधाला चक्षुष्य, म्हणजे डोळ्यांना हितकर म्हटलं आहे, आणि अंजनांत तो वापरला जातो. आजच्या भाषेत सांगायचं तर दाट साखरेत जंतू वाढत नाहीत, आणि मध पाण्याने थोडा पातळ झाला की त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, तेही जंतूंना मारतं. ऑस्ट्रेलियात मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांवरच्या मधाचे, सुमारे १६ टक्के मध असलेले निर्जंतुक थेंब कोरड्या डोळ्यांसाठी आणि पापण्यांच्या कडांच्या सुजेसाठी तयार झाले, ते मधाच्या जंतुनाशक गुणांवर. पण ते थेंब आणि फडताळातली बाटली यांत मोठं अंतर आहे.

हे अंतर कशामुळे, ते समजून घ्या. आग्या माशीचं पोळं पिळून काढलेला मध असो, सातेरीच्या पेटीतला यंत्राने काढलेला असो की डंख नसलेल्या पोयाच्या माशीचा, त्यात परागकण, मेणाचे कण आणि जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. पोयाचा मध डोळ्यांसाठी खास म्हणून शोधला जातो. तो जास्त पातळ आणि जास्त आंबट असतो, म्हणून लवकर आंबतोही. बाटलीवरचं 'शुद्ध' याचा अर्थ भेसळ नाही एवढाच. निर्जंतुक असा नाही. उकळून घेऊ म्हणाल तर दोन्हीकडून नुकसान: बोट्युलिझम या लकवा आणणाऱ्या आजाराचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत, आणि ज्या विकरामुळे मध उपयोगी ठरतो ते उष्णतेने निकामी होतं. औषधी मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, कारण त्यात उष्णता लागत नाही. ते घरी होत नाही.

म्हणून सरळ नियम: घरातला मध, कोणताही, कितीही पातळ केलेला, डोळ्याच्या आत घालू नका. कांद्याचा रस, आल्याचा रस, लिंबाचा रस आणि मध एकत्र करून चष्मा उतरवण्याची जी कृती सगळीकडे फिरते, ती तर अजिबातच नको. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच असतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्याने खरवडला जातो, आणि खरवडलेल्या जागेतून जंतू आत शिरतात. चष्म्याचा नंबर डोळ्याच्या आकारावर ठरतो, तो थेंबाने बदलत नाही. मोतीबिंदू बाहुलीच्या मागच्या भिंगात असतो. तिथे मध पोहोचत नाही आणि पोहोचला तरी गढूळलेलं भिंग पुन्हा स्वच्छ होत नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय.

डॉक्टरांनी मधाचे निर्जंतुक थेंब दिले असतील तर ते असे घाला. हात साबणाने धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा. मान मागे टाकून खालची पापणी बोटाने खाली ओढा, म्हणजे तिथे खोबणीसारखी जागा होते. थेंब त्या खोबणीत पडू द्या, बुबुळावर नाही. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. एकदा लागलं की पुढच्या प्रत्येक थेंबाबरोबर जंतू जातात. एकच थेंब पुरे, कारण डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही. मग डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. मिनिटभर झोंबणं अपेक्षित आहे. दुसरं औषध असेल तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या. मधमाशीच्या किंवा परागकणांच्या ॲलर्जीचा त्रास असेल तर आधीच सांगा.

आता मध ज्या त्रासांसाठी काढला जातो, त्यांवर घरी नेमकं काय करायचं.

रांजणवाडी आणि पापण्यांच्या कडांची सूज, खपल्या, सकाळी चिकटणारे केस: यावर शेक हाच खरा उपाय, आणि तो बहुतेक जण अर्धवट देतात. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांचं तोंड बुजलं की आतलं तेल घट्ट होतं आणि गाठ येते. ते तेल पातळ व्हायला सलग पाच ते दहा मिनिटं ऊब लागते. स्वच्छ सुती फडकं सुमारे ४० अंशांच्या पाण्यात बुडवून पिळा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सुखद गरम लागलं पाहिजे, चटका नको. मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. फडकं मिनिट-दीड मिनिटात गार होतं, म्हणून दर वेळी पुन्हा बुडवायचं. लोक चुकतात ते इथेच. मग वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, अशी हलक्या बोटाने कडेकडे चोळा. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापण्यांची मुळं पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. दिवसातून दोन ते चार वेळा. रांजणवाडी फोडू नका, पिळू नका. बहुतेक एक-दोन आठवड्यांत बसते. सूज गालापर्यंत पसरली किंवा ताप आला तर थांबू नका.

डोळे येणं बहुतेक वेळा विषाणूमुळे होतं. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून बुलढाण्यापर्यंत जी साथ पसरली, तेव्हा हे पुष्कळांनी अनुभवलं. हा आजार आपला वेळ घेऊन, आठवडा-दोन आठवड्यांत, बरा होतो. करायचं एवढंच: चिपडं ओल्या कापसाने आतून बाहेर पुसा, टॉवेल आणि उशीचं कापड वेगळं ठेवा, हात वारंवार धुवा. मधाची एकच बाटली आणि एकच काडी घरभर फिरली की साथ घरभर फिरते.

शेतातली इजा हा सगळ्यांत गंभीर भाग. उसाचं पाचट, भाताचं कुसळ, ज्वारीचं धसकट डोळ्याला घासून जातं. वरून ओरखडा दिसतही नाही. पण वनस्पतीबरोबर बुरशी आत जाते, आणि तिचा व्रण हळू वाढतो: पहिले दोन-तीन दिवस नुसतं खुपतं, मग उजेड सहन होत नाही, मग बुबुळावर करडा-पांढरा ठिपका दिसतो. मध, दूध, तूप यांत जे दिवस जातात ते नेमके उपचाराचे दिवस असतात. मेडिकलमधून मागून आणलेले स्टिरॉइडचे थेंबही इथे घातक: लाली उतरते, बुरशी फोफावते. पहिल्याच दिवशी स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, पट्टी बांधू नका आणि दुसऱ्या दिवशी टोचणं कायम असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. ते व्रणाचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, कारण बुरशीचं औषध आणि जिवाणूचं औषध वेगळं असतं. वेळेत गेलं तर नजर वाचते. उशीर झाला तर बुबुळावर कायमचं फूल राहतं.

तंबाखूचा चुना लहान मुलाच्या डोळ्यात उडाला तर मध शोधत एक मिनिटही घालवू नका. पुडी किंवा ट्यूब दाबताना हे होतं. चुना अल्कली असतो, तो डोळ्याच्या आत आत जिरत जातो. मध आम्ल आहे म्हणून तो चुना मारेल हा समज चुकीचा. त्याने धुणं लांबतं आणि कण चिकटून राहतात. मुलाला दुखऱ्या बाजूवर कलतं झोपवा, पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि नाकाकडून कानाकडे पाण्याची संथ धार सोडा. निदान अर्धा तास, मूल रडलं तरी. खालच्या पापणीत पांढरे कण दिसले तर ओल्या फडक्याच्या टोकाने उचला. कोणी हाताशी असेल तर धुणं सुरू असतानाच गाडी बोलवायला सांगा.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत दोन गोष्टी. एक वर्षाच्या आत मध डोळ्यात नाहीच, पण जिभेवरही नाही. मध चाटवण्याची रीत असली तरी नाही. बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून लकवा आणू शकतात. आणि पहिल्या महिन्यात बाळाच्या डोळ्यातून पू आला तर त्याच दिवशी दवाखाना. संध्याकाळी मूल ठेचकाळत असेल तर ते रातांधळेपण असू शकतं, म्हणजे अ जीवनसत्त्वाची उणीव. मधात ते नसतं. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, अंडी खाऊ घाला आणि नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतचे अ जीवनसत्त्वाचे डोस चुकवू नका.

मध आधीच घातला गेला असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. दुखणं, धूसर दिसणं, उजेड न सोसणं किंवा पांढरा ठिपका यांपैकी एकही असेल तर त्याच दिवशी दाखवा. तिथे गेल्यावर डोळ्यात काय काय गेलं ते संकोच न करता सांगा, आणि मधाची बाटली व मेडिकलचे थेंब दोन्ही बरोबर न्या. कोणती तपासणी आधी करायची हे त्यावरून ठरतं.