अलंकार ओळखायचा? आधी उपमेय शोधा

अलंकारांच्या व्याख्या पाठ करूनही परीक्षेत गोंधळ होतो, कारण मुलं आधी ‘जणू’, ‘सारखा’ शोधतात. त्याऐवजी वर्णन कशाचं चाललंय (उपमेय) आणि तुलना कशाशी (उपमान), हे आधी ठरवा. मग दोघांचं नातं बघा.

आपलं मे महिन्यातलंच नागपूर घ्या. ‘नागपूर भट्टीसारखं तापलं’ ही उपमा. दोघं वेगळी, फक्त साम्य सांगितलंय. ‘नागपूर जणू भट्टीच’ म्हटलं की कल्पना केली, ती उत्प्रेक्षा. ‘नागपूर ही भट्टीच आहे’ यात दोघं एकरूप झाली, म्हणून रूपक. ‘हे नागपूर नव्हे, भट्टी आहे’ इथे उपमेय चक्क नाकारलं: अपन्हुती. आणि ‘भट्टीपेक्षाही नागपूर तापलं’ यात उपमेय उपमानाच्याही वरचढ ठरलं, म्हणून व्यतिरेक.

नुसत्या शब्दावर जाऊ नका. ‘कूलर सारखा बंद पडतो’ यात उपमा नाहीच, तिथे ‘सारखा’ म्हणजे वारंवार. ‘दुपारी सीताबर्डीचा रस्ता डोळे मिटून पडतो’ यात मात्र असा कुठलाच खुणेचा शब्द नाही, तरी चेतनगुणोक्ती आहे. निर्जीव रस्ता माणसासारखा वागतोय.

मुलांना अशी वाक्यं स्वतः बनवायला लावा, तेही घरातल्या नि गल्लीतल्या गोष्टींवर.