आतड्याचा जुना आजार सोबत असताना तब्येतीचं ध्येय कसं ठरवावं

गावात कोणी विचारलं, "पोटाचं कसं आहे बाई आता?" की मी म्हणायची, "या दिवाळीपर्यंत पुरती बरी होते." अशा दोन दिवाळ्या गेल्या. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, संडासला रक्त अन् आव पडते. औषधाने हा आजार वर्षानुवर्षं शांत राहू शकतो, पण मुळासकट जात नाही. 'बरी होते' हे ध्येय माझ्या हातातलंच नव्हतं, अन् रक्त दिसलं की मी स्वतःला नापास करायची. पुढे जे जमलं ते सांगते.

१. आधी आजाराचं नाव पक्कं करा

मला दीड वर्ष मूळव्याधीचं औषध चाललं. रक्त पडतं म्हणजे मूळव्याधच, असं सगळे धरून चालतात. शेवटी कॅमेऱ्याची तपासणी झाली, आतड्याचा बारीक तुकडा तपासायला गेला, तेव्हा खरं कळलं. आतड्याचा टीबी, क्रोहन (हाही आतड्याच्या सुजेचाच आजार), कोलायटिस, आयबीएस (आतड्यात जखम नसताना पोट बिघडतं तो) यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, पण औषधं वेगळी. नाव कळेपर्यंत कुठलंच ध्येय ठरवू नका.

२. दोन आठवडे फक्त नोंद ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज संडासला किती वेळा गेलो तो आकडा, रक्त असेल तर लाल टिंब, रात्री उठावं लागलं तर फुली. वेगळं काही खाल्लं असेल तरच ते लिहा.

नोंद नसली की लोकांच्या सांगण्यावरून ताट रिकामं होत जातं. दूध सोड, तिखट सोड, तुरीचं वरण सोड. मी सगळं सोडून भातावर आले होते आणि अंगात त्राण उरलं नव्हतं. कॅलेंडरने दाखवलं की वरण मला चालतं. तर्री अन् हिरव्या तुरीच्या शेंगा मात्र त्रास देतात. तुमचं वेगळं असेल. सगळ्यांना लागू पडेल असं एकच पथ्य या आजारात नाही.

३. काय करायचंय ते ठरवा, मग मागे मागे या

वजन किंवा संडासचा आकडा ध्येय म्हणून धरू नका. कामावरून ठरवा. माझं पहिलं ध्येय होतं: वेचणीच्या दिवसांत सकाळचे तीन तास वावरात कापूस वेचायचा. त्यासाठी काय लागेल? पहाटे अर्धा तास आधी उठणं, पाण्याची बाटली, आणि विहिरीजवळ आडोसा. खरा अडथळा आडोशाचाच होता. बाईमाणसाने मोकळ्या वावरात घाईच्या वेळी जावं कुठं? मी घरी हे बोलायला एक वर्ष लावलं, अन् बोलल्यावर यांनी दोन दिवसांत चार बांबू, तट्ट्या अन् खड्डा करून दिला. तुमच्याही ध्येयात असं एखादं न बोललेलं असेल, ते आधी बोला.

४. गोळीला ध्येयात पहिली जागा द्या

मेसालामिन, म्हणजे आतड्याची सूज आवरणारं औषध, मला रोज घ्यावं लागतं. बरं वाटलं म्हणून सोडलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो; माझा उलटलाही. स्टेरॉइड चालू असेल तर ते मनाने अचानक कधीच बंद करू नका. गावातल्या मेडिकलात ही औषधं हमखास मिळतीलच असं नाही, म्हणून माझं ध्येय आकड्यात आहे: घरात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की तालुक्याची बस धरायची.

वेचणीने कंबर धरली की दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची आपल्याकडे सवय आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी हा आजार भडकू शकतो. पॅरासिटामॉल त्या मानाने बरं, तेही डॉक्टरांना विचारून.

५. वाईट दिवसाचं लहान ध्येय वेगळं लिहा

आजार भडकला की वावर बंद. त्या दिवशी तीनच कामं: गोळी, एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, आणि कॅलेंडरावर आकडा. तेवढं झालं की दिवस जमला असं मी धरते. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि सोबत ताप किंवा छातीत धडधड असेल, तर त्याच दिवशी १०८ ला फोन करून मोठा दवाखाना गाठा.

६. तपासण्यांच्या तारखा टाका

हिमोग्लोबिन अन् किडनीची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कारण शोधायला सांगा. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, सगळं पोटावर ढकलू नका. लक्षणं सुरू होऊन आठ वर्षं झाली की आतड्याच्या कॅन्सरवर नजर ठेवायला कॅमेऱ्याची तपासणी पुन्हा लागते. ते वर्ष आताच लिहून ठेवा.

७. हंगामागे ध्येय तपासा

मी पोळ्यानंतर अन् संक्रांतीनंतर कॅलेंडरची पानं घेऊन बसते. यंदा संक्रांतीला लाल टिंबं वाढलेली दिसली, तर तीन तासांचे दोन केले. उरलेला एक तास जाऊबाई वेचतात, अन् त्यांची सांजची भाकर मी थापते.