कुरकुर सोडायची आहे? मग या चुका टाळा

"जे काही कराल ते कुरकुर न करता करा," असं प्रेषित पौल बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात लिहितो (2:14). हे वचन मनावर घेऊन बरेच जण तोंडाला कुलूप लावायचं ठरवतात आणि चार दिवसांत दुप्पट जोराने फुटतात.

गप्प बसणं म्हणजे कुरकुर सोडणं नव्हे

सगळ्यात मोठी चूक हीच. शास्त्रात गाऱ्हाण्याला बंदी नाही, ते कुणापुढे मांडायचं हा प्रश्न आहे. बायबलच्या स्तोत्रसंहितेत स्तोत्र 142 मध्ये दावीद राजा आपलं गाऱ्हाणं देवापुढेच ओततो. सवय लावायला स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा "कोठवर?", पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. तुम्हीही तसंच करा: काय खुपतंय ते दोन वाक्यांत, काय हवं ते दोन वाक्यांत आणि देवाने आधी कुठे सांभाळलं ते दोन वाक्यांत, मोठ्याने. बहुतेकांचं बिघडतं ते थेट भरवशावर उडी मारल्याने. दुखणं आतच राहतं आणि संध्याकाळी घरच्यांवर निघतं. शेवटची दोन वाक्यं मनापासून येत नसतील तर तिथेच थांबा. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे.

ज्याच्या हातात काही नाही त्याला सांगत बसणं

मत्तयच्या शुभवर्तमानात (18:15) येशू सांगतो: ज्याने अपराध केला त्याच्याकडे आधी एकट्याने जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला, म्हणजे चर्चला, सांगा. आपण नेमकं उलट करतो, आधी दहा जणांना सांगतो. मात्र मारहाण किंवा छळ होत असेल तर एकट्याने जाऊ नका. विश्वासू माणसाला आणि पोलिसांना लगेच सांगा. ती कुरकुर नाही.

खरी अडचण दाबायचीही नसते. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात, मंडळीच्या रोजच्या वाटपात विधवांकडे दुर्लक्ष झाल्याची कुरकुर उठली. मूळ ग्रीकमध्ये तिथेही फिलिप्पैकरांस पत्रातलाच शब्द आहे, गोंगुस्मॉस, आपल्या "कुरकुर"सारखाच आवाजावरून बनलेला. प्रेषितांनी कुणाला झापलं नाही. मंडळीला सात जण निवडायला सांगून वाटपाची व्यवस्था लावली.

"पूर्वी किती बरं होतं"

बायबलमधल्या गणना या पुस्तकात (11:5) इस्राएल लोकांना मिसरातले, म्हणजे इजिप्तमधले, मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण सगळं आठवतं. गुलामी तेवढी आठवत नाही. जुन्या दिवसांची ओढ लागली की कागदावर त्या दिवसांचा जाचही लिहून काढा.

मोघम उपकारस्तुती

"सगळ्याबद्दल धन्यवाद" म्हणून मन हलत नाही. आज घडलेल्या तीन गोष्टी नावानिशी सांगा. आणि थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र 5:18 "सर्व स्थितीत" उपकारस्तुती करायला सांगतं, सर्व स्थितीबद्दल नव्हे. आजारपणाचे आभार मानायला लागत नाहीत.

एकदा जीभ घसरली की सोडून देणं

बेड्यांत असताना पौल लिहितो की तो समाधानी राहायला "शिकला" आहे (फिलिप्पैकरांस 4:11). शिकायला वेळ लागतो. बोलता बोलता लक्षात आलं तर वाक्य अर्धवटच सोडा. समोरच्याला एवढंच म्हणा, "हे मी तुला उगाच सांगत होतो," आणि ते स्तोत्र 13च्या साच्यात घालून रात्रीच्या प्रार्थनेत मांडा.