काटापट्टी आणि कॅमेऱ्याची वेळ जुळत नाही? या चुका टाळा

कापसाच्या हंगामात एखाद्या जिनिंगवर काटापट्टीवर, म्हणजे वजनाच्या पावतीवर, ४:१० छापलेलं असतं आणि गेटच्या कॅमेऱ्यात तीच गाडी ४:२२ ला आत येते. वजनावरून वाद झाला, की शेतकऱ्याच्या हातातली पट्टी आणि मालकाचं रेकॉर्डिंग दोन्ही संशयात सापडतात. नुकसान बहुधा शेतकऱ्याचंच होतं, म्हणून हा विषय किरकोळ समजू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोबाइल पाहून प्रत्येक यंत्राची वेळ हाताने लावणं. संगणकाचं घड्याळ दिवसाला एखादा सेकंद सहज सरकतं, आणि प्रत्येकाचं वेगळं. त्यापेक्षा एकाच संगणकाला एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) बाहेरून वेळ घेऊ द्या. काट्याचा संगणक, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग यंत्र), ऑफिसचा पीसी यांनी त्याच्याकडूनच घ्यावी. नेट दोन दिवस गेलं तरी सगळी यंत्रं निदान आपसात जुळलेली राहतात. वेळ येतच नसेल तर राउटरवर एनटीपीची वाट, म्हणजे यूडीपी १२३ पोर्ट, अडलाय का ते आधी बघा.

लाईन गेल्यावर संगणक जुन्या तारखेवर जातो आणि वेबसाइट सर्टिफिकेटची चूक दाखवतात. लोक नेटवाल्याला फोन करतात. पण दोष नेटचा नसतो, घड्याळ चालवणारा सेल संपलेला असतो. मदरबोर्डवरचा हा सीआर२०३२ सेल बदला. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर घड्याळाला हात लावू नका, टाइमझोन तपासा.

पावत्या सुरू असताना घड्याळ मागे ओढू नका. नंतरच्या पट्टीवर आधीची वेळ येते. मोठी दुरुस्ती काटा उघडण्यापूर्वीच करा.

आता लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद. १९७२ पासून असे २७ सेकंद वाढवले गेले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे ५:२९:६० असा आला. २०१२ च्या लीप सेकंदाला कित्येक लिनक्स सर्व्हर अडकून पडले होते. गूगलचे सर्व्हर हा सेकंद २४ तासांत थोडाथोडा पसरवतात, बाकीचे बरेच एकदम घालतात. दोन्ही प्रकारचे सर्व्हर वेळ घेण्याच्या एकाच यादीत टाकले तर त्या दिवशी अर्ध्या सेकंदापर्यंत तफावत पडते आणि खरं कोण, हे यंत्राला ठरवता येत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलंय. यादीत तेच ठेवा. २०३५ पर्यंत लीप सेकंदाची पद्धत बदलायचं ठरलं आहे, तोवर यंत्रांचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा.