कॉर्निया बॉर्डरलाइनवर असताना चष्म्याचा नंबर लेसरने घालवायचा आहे? या चुका टाळा

उणे नंबर लेसरने काढून घ्यायचे ठरवून तपासणीला गेलेल्या काही जणांना ‘तुमचा कॉर्निया बॉर्डरलाइनवर आहे’ असे सांगितले जाते. हे उत्तर धड होकारही नसते आणि नकारही नसतो, त्यामुळे पुढचा निर्णय बराचसा रुग्णाच्या आग्रहावर आणि डॉक्टरांच्या सावधपणावर येऊन ठरतो. चुका नेमक्या याच टप्प्यावर होतात.

लेसर शस्त्रक्रियेत कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पटलाचा, मधला भाग सपाट करण्यासाठी त्यातील काही भाग कायमचा काढून टाकला जातो आणि तो पुन्हा भरून येत नाही. उरलेला कॉर्निया पुरेसा मजबूत नसेल तर डोळ्यातील दाबामुळे तो हळूहळू पुढे फुगतो, उणे नंबर व सिलिंडर नंबर पुन्हा वाढत जातात आणि काही काळाने चष्मा लावूनही स्पष्ट दिसत नाही. या विकाराला एक्टेशिया म्हणतात. लॅसिक या लेसर पद्धतीनंतर उद्भवलेल्या एक्टेशियाचे पहिले वर्णन नेत्रतज्ज्ञ थिओ सायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये केले. हा विकार क्वचितच होतो, परंतु तो लॅसिक झाल्यावर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही दिसू शकतो, म्हणून पहिल्या महिन्यात छान दिसते एवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही.

केवळ जाडीचा आकडा पाहणे

कॉर्नियाच्या मध्यभागाची जाडी सरासरी 520 ते 540 मायक्रॉनच्या आसपास असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 490 हा आकडा ऐकून रुग्ण घाबरतो आणि 550 ऐकून निश्चिंत होतो, पण ही भीती आणि ही निश्चिंती दोन्ही अपुऱ्या माहितीवर उभ्या असतात. जन्मतः पातळ असलेला, परंतु पुढून-मागून सुडौल आणि दोन्ही डोळ्यांत सारखा असलेला कॉर्निया हा जाड पण बेढब कॉर्नियापेक्षा अधिक भरवशाचा असू शकतो. खरा शोध घ्यायचा असतो तो सुप्त केरॅटोकोनसचा, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा होत जाणाऱ्या विकाराच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेचा. त्याच्या खुणा अनेकदा आधी कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागावर उमटतात आणि फक्त पुढचा पृष्ठभाग मोजणाऱ्या जुन्या टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात, त्या दिसत नाहीत. म्हणून दोन्ही पृष्ठभाग मोजणारी पेंटाकॅमसारखी तपासणी झालेली असणे आवश्यक आहे, आणि सर्वांत पातळ जागा मध्यभागी आहे की खालच्या बाजूला सरकली आहे, हेही अहवालात पाहिले पाहिजे. शंका उरली तर कॉर्नियावरील सर्वांत वरच्या थराचा, एपिथेलियमचा, जाडीचा नकाशा काढतात. उंचवट्यावर हा थर पातळ होऊन खालचा दोष झाकत असतो, त्यामुळे वरून सारे ठीक वाटते.

‘250 उरतात ना, मग झाले’ हा हिशोब

लॅसिकमध्ये फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा, उचलून खाली लेसर केल्यावर किमान 250 मायक्रॉनचा थर उरला पाहिजे, हा नियम बऱ्याच रुग्णांना तोंडपाठ असतो. अनेक नेत्रतज्ज्ञ मात्र 280 ते 300 मायक्रॉन उरावेत असा आग्रह धरतात, आणि तो योग्यच आहे. किती मायक्रॉन उरले याच्याबरोबर एकूण जाडीपैकी किती टक्के भागाला धक्का लागला हेही मोजावे लागते. फ्लॅपची जाडी आणि लेसरने काढलेली जाडी यांची बेरीज मूळ जाडीच्या 40 टक्क्यांपर्यंत किंवा त्यापुढे गेली, तर टोपोग्राफी सामान्य असतानाही एक्टेशियाची जोखीम वाढते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 6.5 मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रावर लेसर केल्यास दर नंबरामागे सुमारे 14 मायक्रॉन जातात. कॉर्निया 500 मायक्रॉनचा, नंबर उणे 7 आणि फ्लॅप 110 मायक्रॉनचा असेल, तर लेसरने 98 मायक्रॉन जातील आणि 292 उरतील. 250 च्या नियमात हे आरामात बसते. पण 110 आणि 98 मिळून 208, म्हणजे जवळपास 42 टक्के. एक नियम परवानगी देतो आणि दुसरा अडवतो, अशा वेळी अडवणाऱ्या नियमाचे ऐकावे. काही वेळा जाडी वाचवण्यासाठी क्षेत्राचा व्यास 6 मिलिमीटरवर आणला जातो; त्यामुळे नंबरामागे सुमारे दोन मायक्रॉन वाचतात, पण अंधारात ज्यांची बाहुली मोठी होते त्यांना रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसण्याचा त्रास वाढू शकतो.

कॉन्टॅक्ट लेन्स काढल्याबरोबर मोजमापे देणे

लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स तपासणीपूर्वी किमान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स किमान तीन ते चार आठवडे बंद ठेवाव्या लागतात. आदल्या रात्री लेन्स काढून दिलेल्या अहवालावर ‘बॉर्डरलाइन’ शिक्का बसला असेल, तर लेन्स बंद ठेवून तपासणी पुन्हा करून घ्यावी; काहींचा शिक्का तेवढ्यानेच पुसला जातो. दोन वेगवेगळ्या यंत्रांवरील जाडीचे आकडे एकमेकांशी ताडून निष्कर्ष काढू नयेत.

डोळे चोळण्याची सवय आणि घरातला इतिहास न सांगणे

डोळ्यांची ॲलर्जी, सततची खाज आणि डोळे जोराने चोळण्याची सवय यांचा केरॅटोकोनसशी संबंध आहे. भावंडांपैकी किंवा आईवडिलांपैकी कोणाला हा विकार असेल, कोणाची ‘सी-थ्री-आर’ म्हणून ओळखली जाणारी क्रॉस-लिंकिंगची, म्हणजे कॉर्निया मजबूत करण्याची, प्रक्रिया झाली असेल, तर ते न विचारताही सांगावे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील, तर तेही सांगावे, कारण त्यांनी डोळे कोरडे पडतात आणि जखम भरण्यावरही परिणाम होऊ शकतो. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात नंबर बदलू शकतो, म्हणून तेव्हा शस्त्रक्रिया पुढे ढकलतात.

वयाचा मुद्दा घरोघरी सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. लग्न ठरले आहे, साखरपुड्याआधी चष्मा गेला पाहिजे, अशा घाईत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला तपासणीला आणले जाते. कायद्याने अठरा वर्षे पूर्ण असणे आणि कॉर्निया स्थिर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नेत्रतज्ज्ञ रँडलमन यांनी 2008 मध्ये मांडलेल्या जोखीम-गुणांकनातही कमी वयाला वेगळे गुण आहेत, कारण तरुण वयात सुप्त विकार अजून उघड व्हायचा असतो. वर्षभरात नंबर 0.5 पेक्षा अधिक बदलला असेल तर थांबावे, आणि बॉर्डरलाइन कॉर्नियाच्या बाबतीत वर्षभराच्या अंतराने काढलेले दोन नकाशे शेजारी ठेवून पाहणे हीच माझ्या मते सर्वांत उपयोगी तपासणी आहे.

पद्धतीच्या नावावर विश्वास टाकणे

‘स्माइल’ या लेसर पद्धतीत फ्लॅप नसतो, छोट्या छेदातून आतली पातळ चकती बाहेर काढली जाते, म्हणून ती कोणत्याही कॉर्नियाला चालते, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. स्माइलनंतरही एक्टेशियाचे रुग्ण आढळले आहेत. पीआरकेमध्ये सुमारे 50 मायक्रॉनचा एपिथेलियम काढून पृष्ठभागावरच लेसर करतात, त्यामुळे 480 मायक्रॉनच्या सुडौल कॉर्नियात उणे 3 किंवा 4 नंबरासाठी ती पद्धत पुष्कळदा विचारात घेतली जाते. तिची किंमत म्हणजे पहिले तीन-चार दिवस लक्षणीय दुखणे, दृष्टी स्थिरावायला लागणारे काही आठवडे आणि मोठ्या नंबरांत कॉर्नियावर धूसरपणा येण्याची शक्यता. मात्र आकारच संशयास्पद असेल तर पीआरकेनेही जोखीम संपत नाही. लेसरसोबत क्रॉस-लिंकिंग केले की दोष भरून निघतो, असे सांगून होकार मिळवला जात असेल, तर आणखी एक मत घ्यावे.

कॉर्नियाला हात न लावता डोळ्यात भिंग बसवण्याचा, म्हणजे आयसीएलचा पर्याय यातील बऱ्याच रुग्णांना अधिक योग्य ठरतो, विशेषतः नंबर उणे 8 च्या पुढे असताना. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली साधारण 2.8 मिलिमीटर किंवा अधिक लागते आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशींची संख्या तपासावी लागते. खर्च लेसरपेक्षा बराच अधिक असतो आणि ही डोळ्याच्या आत होणारी शस्त्रक्रिया असल्यामुळे संसर्ग व मोतीबिंदूची थोडी शक्यता राहते. सैन्यदल, पोलीस किंवा रेल्वेच्या भरतीची तयारी करणाऱ्यांनी मात्र कोणतीही पद्धत निवडण्याआधी त्या पदाचे चालू वैद्यकीय निकष वाचावेत, कारण काही पदांसाठी शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर गेलेला काळ आणि कॉर्नियाची उरलेली जाडी यांवर अटी असतात.

होकार मिळेपर्यंत दवाखाने बदलणे

दुसरे मत घेणे शहाणपणाचे आहे, परंतु पहिला अहवाल खिशात लपवून घेतलेले दुसरे मत फसवे असते. एका ठिकाणी नकार मिळाला आणि दुसरीकडे ‘आज ठरवा, सवलत आहे’ असे म्हटले गेले, तर दोन्हीकडील नकाशे समोर ठेवून मतभेद नेमका कशावर आहे हे विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर नंबर परत आला तर

सुरुवातीच्या महिन्यांतला कोरडेपणा, संध्याकाळी येणारी धूसरता आणि दिव्यांभोवतीची वलये बहुतेकांत हळूहळू कमी होतात. परंतु सिलिंडर नंबर वाढत असेल, एका डोळ्याने अक्षरांची सावली दिसत असेल किंवा चष्म्याच्या दुकानात दर काही महिन्यांनी नवा नंबर निघत असेल, तर दुकानातून नवा चष्मा घेऊन गप्प बसू नये आणि ‘टच-अप’ लेसरचाही हट्ट धरू नये. आधी टोपोग्राफी करावी. एक्टेशिया असेल तर पुन्हा केलेले लेसर ती वाढवते, आणि वेळेवर केलेले क्रॉस-लिंकिंग तिला बहुतेक वेळा थोपवू शकते.

शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, कॉर्नियाचे वक्रतेचे आकडे आणि जाडीचा अहवाल जपून ठेवावा. लेसरनंतर डोळ्यातील दाब मोजताना तो खऱ्यापेक्षा कमी भरतो, त्यामुळे काचबिंदूच्या तपासणीत हे कागद डॉक्टरांना दाखवावे लागतात. आणि पन्नाशी-साठीत मोतीबिंदू झाल्यावर बसवायच्या भिंगाचा नंबर काढतानाही हेच जुने आकडे उपयोगी पडतात.